पेट स्कॅनला जाताना: उपवास नव्हे, उपाशी

कॅन्सरच्या तपासणीसाठी ठरलेला आत्याचा पहिला पेट स्कॅन त्या दिवशी झालाच नाही. आदल्या रात्रीच्या एसटीने आम्ही कऱ्हाडहून पुण्याला गेलो, पहाटे नातेवाइकांकडे हातपाय धुतले आणि साडेआठला सेंटरवर नाव लावलं. सिस्टरनी विचारलं, "आजी, शेवटचं कधी खाल्लं?" आत्या म्हणाली, "आज संकष्टी आहे ना, काहीच नाही. सकाळी थोडी खिचडी तेवढी घेतली, आणि कपभर दूध." सिस्टरनी फॉर्म बाजूला ठेवला. नवी तारीख सहा दिवसांनंतरची मिळाली.

फोनवर आम्हाला "फास्टिंगमध्ये या" एवढंच सांगितलं होतं. आमच्या घरी फास्टिंग म्हणजे उपवास, आणि उपवास म्हटला की साबुदाणा आलाच. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, पोटात गेला की त्याची साखर होते. या तपासणीच्या सकाळी नेमकं तेच टाळायचं असतं. आत्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं, तिला कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं. त्यानंतर तिच्या पाच स्कॅनना मी सोबत गेले, गावातल्या ओळखीच्या आणखी काही जणांबरोबरही गेले. मी डॉक्टर नाही. पण या स्कॅनचा चांगला-वाईटपणा रुग्णाच्या आणि सोबतच्या माणसाच्या हातात किती असतो, ते मी पाहिलं आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला कुणीतरी शेजारी बसून सांगावं, तसं इथे सांगते.

पेट म्हणजे पोट नाही

आमच्याकडे अर्ध्या लोकांना हा पोटाचा स्कॅन वाटतो. पेट हे पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या नावाचं लघुरूप आहे. बहुतेक वेळा डोक्यापासून मांड्यांपर्यंत, कधी पायाच्या बोटांपर्यंत, सगळं शरीर एका बैठकीत पाहिलं जातं. सोबत सीटी स्कॅनही त्याच मशीनवर होतो, म्हणून कागदावर "पेट सीटी" लिहिलेलं असतं.

यात एफडीजी नावाचं औषध शिरेतून देतात. ते साखरेसारखंच असतं, फक्त त्याला फ्लोरिन-18 हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखर अधाशासारख्या ओढतात, त्यामुळे हे औषधही तिथे जास्त साचतं आणि ती जागा चित्रात उजळ दिसते. सीटी गाठीचा आकार आणि जागा सांगतो, पेट ती गाठ किती कामात आहे ते सांगतो. केमोनंतर गाठ उरलेली दिसते, पण ती जिवंत आहे की नुसता व्रण उरला आहे, हे ठरवायला म्हणूनच पेट लागतो.

उपाशी राहण्याचं कारणही इथेच आहे. रक्तात खाण्यातली साखर भरलेली असेल तर पेशी ती घेतात आणि औषधाला जागा उरत नाही. शिवाय जेवल्यावर शरीरात इन्सुलिन वाढतं आणि ते एफडीजी स्नायूंमध्ये ढकलतं. मग सगळे स्नायू उजळतात आणि गाठ फिकी पडते. अशा स्कॅनवरून उपचार ठरला तर नुकसान रुग्णाचंच. आत्याला परत पाठवलं तेव्हा मला फार राग आला होता, पण सिस्टरचं बरोबर होतं.

अपॉइंटमेंट घेताना

फोन करण्याआधी फाइल समोर घेऊन बसा. डायबेटिस आहे का, गोळ्या कोणत्या, इन्सुलिन किती वाजता, हे आपणहून सांगा. शेवटचा केमो कधी झाला, ऑपरेशन किंवा रेडिएशन कधी संपलं, हेही सांगा. केमोनंतर साधारण दोन आठवडे तरी जाऊ देतात, म्हणून बहुधा पुढच्या केमोच्या जरा आधीची तारीख मिळते. ऑपरेशननंतर काही आठवडे आणि रेडिएशननंतर दोन-तीन महिने थांबायला सांगतात, कारण भरत असलेली जखम आणि सुजलेला भागही औषध ओढतो. अर्थात डॉक्टरांना घाई असेल तर ते आधीही करायला सांगतात, तो निर्णय त्यांचा.

किडनीचा त्रास, पूर्वी सीटीच्या इंजेक्शनची आलेली ॲलर्जी, दमा, सरळ झोपता न येणं, बंद जागेची भीती, हे सगळं फोनवरच सांगून टाका. बाई गरोदर असेल किंवा तशी शंकाही असेल, तर ती गोष्ट लाजेखातर राहू देऊ नका. बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगा.

वेळ पाळण्याचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या. फ्लोरिन-18 साधारण 110 मिनिटांत निम्मं उरतं, पुढच्या 110 मिनिटांत त्याचंही निम्मं. म्हणजे हे औषध कपाटात साठवून ठेवता येत नाही. सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात ते त्या दिवसापुरतं तयार होतं. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. आज बऱ्याच शहरांत पेटची मशीन आहे, पण सायक्लोट्रॉन प्रत्येक ठिकाणी नाही. अशा सेंटरवर औषध दुसऱ्या शहरातून सकाळी गाडीने किंवा विमानाने येतं. गाडी अडकली की सगळ्यांचेच नंबर मागे जातात. तेव्हा काउंटरवरच्या मुलीवर चिडून उपयोग नसतो. आणि तुम्हाला जमणार नसेल तर आदल्या दिवशीच कळवा, म्हणजे तुमच्या नावाचा डोस दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडू शकतो.

पैशांचं विचारताना एवढं स्पष्ट विचारा: कॉन्ट्रास्ट (सीटीच्या वेळचं इंजेक्शन) आणि सीडी धरून किती? सेंटरप्रमाणे दरात बराच फरक असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील, तर स्कॅन आधी बाहेर करून मग बिल दाखवायला जाऊ नका. आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. रेल्वेने जाणार असाल तर कॅन्सर रुग्णाला उपचार आणि तपासणीसाठी भाड्यात सवलत आहे. स्लीपर आणि थर्ड एसीला रुग्णाचं मूळ भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसालाही सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. तिकीट काढून झाल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

डायबेटिस असेल तर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगते. सेंटरवर गेल्यावर आधी बोट टोचून शुगर बघतात. बहुतेक ठिकाणी ती 200 च्या खाली असावी लागते, काही ठिकाणी त्याहूनही कमी हवी असते. जास्त निघाली की थांबवतात किंवा पुढची तारीख देतात.

मग काही जण हुशारीने गेटबाहेरच इन्सुलिन टोचून घेतात. हे अजिबात करू नका. मीटरवर आकडा खाली येईल, पण वर सांगितलं तसं औषध स्नायूंत जाईल आणि स्कॅन वाया जाईल. झटपट काम करणारं इन्सुलिन आणि एफडीजी यांच्यात काही तासांचं अंतर लागतं. इन्सुलिन घेणाऱ्यांना कधी पहाटे नाश्ता आणि इन्सुलिन घेऊन दुपारची वेळ देतात, गोळ्यांवर असणाऱ्यांना सकाळची. मेटफॉर्मिनमुळे आतडी उजळून दिसतात, म्हणून ती गोळी काही सेंटरं दोन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात, काही सांगत नाहीत. आपल्या मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. साखरेच्या डॉक्टरांना आणि सेंटरला, दोघांनाही विचारा. आधीचा आठवडाभर रोज शुगर तपासून वहीत लिहिली तर दोघांचंही काम सोपं होतं.

आदला दिवस

आदल्या दिवसापासून गोड, भात, बटाटा कमी. रात्री भाकरी-पोळीही कमीच ठेवा. पालेभाजी, पातळ आमटी, पनीर, अंडी, मासे, चिकन चालतं. आत्यासाठी आम्ही मेथीची भाजी आणि मुगाचं घट्ट वरण करायचो. तिला जेवल्यासारखं वाटायचं नाही, पण एका रात्रीचा प्रश्न असतो.

अंगमेहनत नको. व्यायाम तर नकोच, पण आपल्याकडे खरी मेहनत घरात आणि शेतात होते: खुरपणी, पाण्याच्या घागरी, चादरी धुणं, जड पिशव्या. ज्या स्नायूंनी काम केलं ते दुसऱ्या दिवशी औषध ओढतात. स्कॅनच्या आदल्या दिवशी रुग्णाने नुसतं बसावं, आणि घरच्यांनी बसू द्यावं.

थंडीपासूनही जपा. अंगात थंडी भरली की मानेजवळची आणि खांद्याच्या वरची खास प्रकारची चरबी ऊब तयार करायला लागते आणि स्कॅनमध्ये चमकते. गाठी शोधायच्या त्याच जागा! रात्रीच्या गाडीत खिडकीजवळ बसवू नका, आणि सेंटरवर एसी असतो तेव्हा स्वेटर-शाल उन्हाळ्यातही बरोबर ठेवा.

सकाळी

किमान सहा तास पोटात साध्या पाण्याशिवाय काही नाही. साधं पाणी मात्र भरपूर प्या. बिनसाखरेचा चहासुद्धा नको, दुधात साखर असतेच. लिंबूपाणी, शहाळं, प्रसादाचा पेढा, तीर्थ, खडीसाखर, खोकल्याचं औषध, घशाच्या गोळ्या, वेलची, सुपारी हे सगळं "खाल्लं" यातच धरायचं. च्युइंगम आणि तंबाखूने जबड्याचे स्नायू चालतात, तेही नको. ज्या बायका मिशरी लावतात त्यांना हे वेगळं सांगावं लागतं, कारण मिशरी त्यांच्या लेखी खाण्यात येतच नाही. बीपीची, थायरॉइडची गोळी सहसा साध्या पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, तरी विचारून घ्या.

रुग्ण दवाखान्यात ॲडमिट असेल तर चालू असलेल्या सलाइनकडे लक्ष ठेवा. डेक्स्ट्रोजची बाटली म्हणजे साखरेचंच पाणी. तोंडाने काही दिलं नाही म्हणून घरचे निश्चिंत असतात आणि शिरेतून साखर जात असते. वॉर्डच्या सिस्टरना आदल्या रात्रीच आठवण करा.

दागिने घरी ठेवा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, साडीच्या पिना, धातूचे हूक यांच्यामुळे सीटीच्या चित्रात रेघा उमटतात. आत्याला मंगळसूत्र काढायचं जिवावर आलं होतं. मी तिच्यासमोर ते माझ्या गळ्यात घातलं आणि म्हणाले, स्कॅन होईपर्यंत माझ्याकडे. तेवढ्याने ती शांत झाली.

फाइलमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी, बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद, केमोच्या तारखा, नुकत्याच केलेल्या क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणि आधार कार्ड ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या स्कॅनची सीडी आणि रिपोर्ट. जुनं-नवं शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय "वाढलंय की कमी झालंय" हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

इंजेक्शन, आणि तो एक तास

आत रुग्णाला एकट्यालाच घेतात. अलीकडे लस घेतली असेल, दात दुखत असेल, ताप-खोकला असेल, पडून मार लागला असेल तर आधीच सांगा. या सगळ्यांनी चित्रात डाग उमटू शकतात. ब्रेस्ट कॅन्सर असेल तर सुई दुसऱ्या बाजूच्या हाताला टोचायला सांगा. औषध थोडं जरी शिरेबाहेर सांडलं तरी त्याच बाजूच्या काखेतल्या गाठी उजळू शकतात आणि नसती शंका निर्माण होते. टोचताना जळजळलं, फुगलं तर सोसत बसू नका, लगेच सांगा.

इंजेक्शन दिल्यावर साधारण तासभर पडून राहायचं असतं. मोबाइल नाही, गप्पा नाहीत, वाचनही नाही. बोललं की घशातले स्नायू उजळतात. आत्या नामस्मरण करणारी. तिला सांगितलं, नाम मनातल्या मनात घ्यायचं, ओठ हलवायचे नाहीत. बाहेर बसलेल्या आम्हाला तो तास फार मोठा वाटायचा, ती मात्र दोनदा झोपून गेली.

स्कॅनला नेण्याआधी लघवी करून यावं लागतं. उरलेलं औषध लघवीवाटे बाहेर पडतं, आणि भरलेलं मूत्राशय चित्रात दिव्यासारखं पेटतं, मग त्याच्या आसपासचं काही दिसत नाही. कपड्यांवर थेंब पडला तरी सिस्टरना सांगा, नाहीतर तो डाग हाडातला वाटू शकतो.

मशीनवर

मशीन म्हणजे एक मोठी, दोन्ही बाजूंनी उघडी रिंग. टेबल हळूहळू सरकतं. एमआरआयसारखा धडधडाट होत नाही. पंधरा ते तीस मिनिटं हात डोक्यावर ठेवून न हलता पडायचं, श्वास नेहमीसारखा घ्यायचा. खांदा दुखणाऱ्यांना हेच जड जातं, त्यांनी आधी सांगितलं तर उशी देतात किंवा हात खाली ठेवू देतात. कॉन्ट्रास्ट दिला तर अंगभर गरम लाट जाते, तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. खरंच झालेली नसते, घाबरू नका. खाज, गांधी किंवा श्वासाला त्रास वाटला तर मात्र तत्काळ आवाज द्या, टेक्निशियन काचेमागून ऐकत असतो.

कधीकधी थोड्या वेळाने पुन्हा एखाद्या भागाचं चित्र घेतात. त्याचा अर्थ काहीतरी भयंकर दिसलं असा नसतो. बऱ्याचदा आतडं हललेलं असतं किंवा लघवीचा अडथळा असतो.

घरी जाताना

डबा बरोबर ठेवा, सुट्टी मिळाली की लगेच जेवता येतं. दिवसभर पाणी जास्त प्या. पुरुषांनीही बसून लघवी करावी, दोनदा फ्लश करावा, हात साबणाने धुवावेत. त्या दिवशी लहान मुलांना मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईजवळ खेटून बसू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाचं काय करायचं ते सेंटरवर विचारून तसंच करा. दुसऱ्या सकाळपर्यंत औषध जवळपास संपलेलं असतं. रुग्णाचं ताट वेगळं काढायची, त्याला खोलीत कोंडायची काहीही गरज नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण एका घरात आजोबांना चार दिवस ओसरीवर झोपवलेलं मी पाहिलं आहे.

रेडिएशन किती, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. मातीतून, हवेतून, आकाशातून माणसाला जगात सरासरी वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशन मोजायचं माप) रेडिएशन मिळतच असतं. पेट सीटीत, सोबतचा सीटी हलका आहे की पूर्ण यावर अवलंबून, साधारण 8 ते 25 मिलिसिव्हर्ट मिळतं. कॅन्सरचा उपचार ठरवण्यासाठी हे घेणं योग्यच आहे. पण डॉक्टर नको म्हणत असताना "मनाच्या समाधानासाठी एकदा करून टाकू" असा हट्ट धरू नका.

रिपोर्ट हातात आल्यावर

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते इथे. रिपोर्ट मोबाइलवर येतो, आणि डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनी असते. ते दोन दिवस घर जळत राहतं. प्रत्येक शब्द गूगलवर टाकला जातो.

त्यात एसयूव्ही नावाचा आकडा असतो. एखादी जागा किती औषध ओढते त्याचं ते माप आहे. तो परीक्षेच्या मार्कांसारखा वाचू नका. वजन, शुगर, इंजेक्शन ते स्कॅन यातला वेळ, मशीन, या सगळ्यांनी तो बदलतो. दोन रुग्णांचे आकडे एकमेकांशी ताडून काहीच कळत नाही. तुलना करायची तर आपल्याच जुन्या स्कॅनशी, आणि म्हणून शक्यतो दर वेळी त्याच सेंटरवर जावं.

चमकणारं सगळं कॅन्सर नसतं. मेंदू चमकतो, हृदय, किडनी, मूत्राशय चमकतं, हे नेहमीचंच. आपल्या देशात टीबी मोठ्या प्रमाणावर आहे, आणि टीबीच्या गाठीही अशाच पेटलेल्या दिसतात. आत्याच्या तिसऱ्या स्कॅनमध्ये छातीत नवीन गाठी दिसल्या. आम्ही सगळे रडलो. डॉक्टरांनी तिथला तुकडा काढून तपासला तर टीबी निघाला, आणि तो औषधांनी बरा झाला. नवीन ठिकाणी काही दिसलं तर बायोप्सी करायची का, हे विचारायला म्हणूनच कचरू नका. केमोच्या दरम्यान पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली असतील तर हाडांतला मगजही सगळीकडे उजळतो.

उलट, न चमकणारं सगळं निर्धोकही नसतं. प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर, सावकाश वाढणाऱ्या काही गाठी एफडीजी फारशा घेत नाहीत. अगदी बारीक ठिपके सुटू शकतात. मेंदू स्वतःच उजळ असल्याने त्यातली गाठ लपते, तिथे एमआरआयच लागतो. प्रोस्टेटसाठी पीएसएमए नावाचा वेगळा पेट असतो, न्यूरोएंडोक्राइन (हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींसाठी डोटाटेट. या दोन्हींना साखरेचं पथ्य सहसा नसतं. हाडांच्या बोन स्कॅनलाही उपाशी राहावं लागत नाही, उलट इंजेक्शननंतर दोन-चार तास पाणी पीत थांबावं लागतं. म्हणून "पेट म्हणजे उपाशी" असं सरसकट धरू नका, चिठ्ठीवर कोणता स्कॅन लिहिला आहे ते आधी पाहा.

लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, रिपोर्टमध्ये "डोव्हिल" असा 1 ते 5 मधला आकडा असतो. 1 आणि 2 म्हणजे चांगला प्रतिसाद, 3 सुद्धा बहुतेक वेळा चांगलाच धरतात, 4 आणि 5 असेल तर डॉक्टर पुढचा विचार करतात. आत्याचा 4 वरून 2 वर आला, तेव्हा तो आकडा आम्ही देवघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. मागच्या स्कॅनपेक्षा काय बदललं? ज्या जागेबद्दल शंका आहे तिथे आता काय करायचं? याच्यामुळे उपचार बदलणार आहे का? पुढचा स्कॅन कधी, आणि तोच का? उत्तरं लिहून घ्यायला सोबत एक माणूस असू द्या, रुग्णाला त्या खोलीत निम्मंही ऐकू येत नाही.

सीडी मागून घ्या, आणि घरी आल्यावर एखाद्या मुलाकडून तिची कॉपी पेन ड्राइव्हवर करून घ्या. फिल्म उन्हात, गाडीच्या काचेमागे ठेवू नका, उष्णतेने काळी पडते. आत्याच्या सगळ्या सीडी लोखंडी कपाटात साडीच्या घडीखाली आहेत, प्रत्येक पाकिटावर तारीख, सेंटरचं नाव आणि त्या दिवशीची शुगर लिहिलेली.